फ्रेममधली बादली

"काका, ती बादली तेवढी जरा बाजूला घेता का? फ्रेममध्ये येतीये."

काल संध्याकाळी हे वाक्य मला उद्देशून उच्चारलं गेलं आणि आज दुपार झाली तरी डोक्यातनं जात नाहीये. पहिली गोष्ट म्हणजे काका. मी बेचाळीसचा आहे. म्हणणारा इसम चाळीसचा तरी असेलच, आणि टोपी काढली की सरळ पंचेचाळीसचा. दुसरी गोष्ट, बादली रिकामी नव्हती. काठोकाठ गोड्या पाण्याने भरलेली होती आणि विहिरीपासनं तिथवर मी ती दोनदा हात बदलत आणली होती. तिसरी गोष्ट, फ्रेम त्याची असेल पण बेट... जाऊ दे, बेट माझंही नाही. पण राहतो तर मी ना तिथे!

तर मी नोकरीपायी गेली तीन वर्षं एका छोट्या बेटावर राहतो. नारळाची झाडं, निळं पाणी, पांढरी वाळू, कॅलेंडरवर असतं तसलंच. घरचा पंप खाऱ्या हवेने गंजून जाम झालाय, त्याचा पार्ट बोटीने यायचाय, बोट वारा पडला की येते आणि वारा कधी पडणार हे वारा कुणाला सांगत नाही. म्हणून बादली.

आता तो माझ्याशी मराठीत कसा काय बोलला, तर वाळूतनं चालताना माझ्या अंगठ्याखाली शंखातला खेकडा आला आणि मी "च्यायला" म्हणालो. बस्स. भर समुद्रात आपला माणूस ओळखायला एवढं पुरतं. "अगं बघ, इथे पण मराठी!" असं त्याने पाण्याकडे तोंड करून ओरडून सांगितलं. पाण्यात त्याची बायको उभी होती, गुडघ्याच्या वरपर्यंत, दोन्ही हात पसरून, आमच्याकडे पाठ करून. तिने मान वळवली तर हा म्हणाला, "हलू नको!" मग माझ्याकडे वळून ते काका आणि बादली.

मी बादली बाजूला घेतली. म्हणजे बघा, घेतली मी. याचाच जास्त राग येतोय. पण त्याने तिपाईवर फोन लावला आणि परत म्हणाला, "अजून थोडी. लाल आहे ना, डोळ्यात खुपते." मी अजून सरकलो. मग त्याला मी खुपलो. मग तिपाई वाळूत रुतली, ती त्याने उचलली, झटकली, परत रोवली, लेव्हल चेक केली, बायकोला उजवा हात जरा खाली घ्यायला सांगितला, आणि एवढं सगळं होईस्तोवर सूर्य गेला.

हे मला आधीच माहीत होतं. उष्ण कटिबंधातला सूर्य तिरका तिरका उतरत रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली जातो, तो गेला की वीस-पंचवीस मिनिटांत संधिप्रकाशही आटोपतो. मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. काका म्हणाला होता ना.

"गेला!" तो म्हणाला, आणि बादलीकडे असं बघितलं की जसं काही तिनेच ढकलला.

बायको बिचारी पाण्यातनं बाहेर आली, पाय खाजवत. (वाळूतल्या त्या बारक्या माश्या. दिसत नाहीत, चावतात, आणि दुसऱ्या दिवशी खाज दुप्पट होते. हेही कॅलेंडरवर नसतं.) मला वाटलं सुटलो. तर नाही, म्हणे सूर्य नाही तर निदान माणूस तरी. "काका, तुम्ही इथले ना? एका मिनिटात सांगा, बेटावर राहायचे फायदे-तोटे. रीलसाठी." आणि फोन माझ्या नाकाशी.

मी म्हणालो, "गंज."

"म्हणजे?"

"गंज हो. लोखंडाला चढतो तो. हवेतच मीठ आहे इथल्या. गेल्या महिन्यात दाराची किल्ली कुलपातच मोडली. चष्म्याचा स्क्रू गंजून तुटला म्हणून बघा इथे दोरा बांधलाय. कात्री उघडली तर मिटत नाही आणि मिटली तर उघडत नाही. चार्जरच्या तांब्याच्या तारा हिरव्या पडतात..."

"पॉझिटिव्ह घ्या ना काका."

"बुरशी," मी म्हणालो. खरंच तेच आठवलं. चांगला कोट आणला होता एक, तीन महिन्यांनी कपाट उघडलं तर कोटाला हिरवी लव. चामड्याचा पट्टा तर असा केसाळ झाला होता की मी आधी काठीने डिवचून बघितला. आता कपाटात चोवीस तास बल्ब लावून ठेवतो, ओल धरू नये म्हणून. माझ्या खोलीत रात्री अंधार, आणि शर्टांच्या खोलीत दिवाळी.

"पण पाण्याचा प्रॉब्लेम कसा काय?" बादलीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "चारी बाजूंनी पाणीच तर आहे!"

हा प्रश्न मला तीन वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलाय. सख्ख्या भावाने पण. तरी मी समजावून सांगायला गेलो, ही माझी खोड. म्हणलं, नदी नाही, डोंगर नाही, जे काय गोडं पाणी आहे ते पावसाचं, जमिनीत मुरलेलं. ते हलकं असतं म्हणून खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगासारखं, मध्ये जाड, कडेला पातळ. हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. म्हणजे वरची पातळी वीतभर उतरली की खालनं खारं पाणी चाळीस वीत वर यायला बघतं, आणि एकदा विहीर खारावली की चांगले पाऊस झाल्याशिवाय सुधारत नाही, आणि त्या पाण्याला साबणाचा फेससुद्धा येत नाही, आणि...

"वा, इंटरेस्टिंग," तो म्हणाला. तो फोनमध्ये ब्राइटनेस वाढवत होता.

मग त्याने खिशातनं एक छोटी काचेची बाटली काढली आणि चिमटीचिमटीने वाळू भरायला लागला. आठवण म्हणून. "किती प्युअर आहे बघ," असं बायकोला म्हणत त्याने थोडी तळहातावर चोळलीसुद्धा. आता इथे मी गप्प बसायला हवं होतं का? नाही बसलो. म्हणलं, ही पांढरी वाळू बरीचशी पोपटमाशाची कृपा आहे. तो मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, त्याच्यावरचं-आतलं शेवाळ पचवतो, आणि उरलेली पूड मागनं सोडतो. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी काढतो.

त्याने हात थांबवला. बाटलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे ऑरगॅनिक आहे," तो म्हणाला, आणि बूच लावलं.

काय बोलणार याच्यावर.

एकदाच तो खराखुरा हादरला. मला नेटचं स्पीड विचारलं, रील आजच टाकायचं होतं. मी सांगितलं की समुद्राच्या तळाशी एक केबल आहे तिच्यावर सगळा कारभार, ती गेली की गेलं. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला तेव्हा त्यांची केबल तुटली, आणि मुख्य बेटावर ती जोडून यायला पाच आठवडे लागले. "पाच आठवडे?" त्याने फोन छातीशी धरला. राख, त्सुनामी, लोकांचं काय झालं, काही नाही. पाच आठवडे.

रात्री झोप येईना म्हणून त्या सेल्कर्कबद्दल विचार करत पडलो होतो. अलेक्झांडर सेल्कर्क, तो खलाशी हो, ज्याने १७०४ मध्ये कप्तानाशी भांडून सांगितलं की हे गळकं जहाज बुडणार, मला इथेच उतरवा, आणि उतरवलं. (जहाज पुढे खरंच बुडालं, म्हणजे माणूस बरोबर होता.) चार वर्षं चार महिने एकटा राहिला. ते बेट आपल्यासारखं उकाड्याचं नव्हे, चिलीच्या किनाऱ्यापासनं लांब, थंडीवाऱ्याचं, पण बेट ते बेट. तर १९६६ मध्ये चिली सरकारने त्या बेटाचं नाव बदललं आणि काय ठेवलं? रॉबिन्सन क्रूसो. म्हणजे जो माणूस झालाच नाही, सेल्कर्कवरनं सुचलेल्या म्हणतात त्या पुस्तकातला आहे, आणि पुस्तकात राहतो तोही पार दुसऱ्या महासागरात! मग सेल्कर्कचं काय, तर त्याचं नाव दिलं शेजारच्या दुसऱ्या बेटाला, जिथे तो कधी राहिलाच नव्हता. पर्यटक यावेत म्हणून. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. काल नाही आलं.

हां, तर पाण्याचं राहिलंच. जाता जाता तो म्हणाला, "काका, पायाला फार वाळू लागलीये, जरा पाणी..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्याच बादलीत माझाच मग बुडवला. आधी बायकोच्या पायावर. ती म्हणत होती, "राहू दे ना, लांबनं आणलंय त्यांनी," एक तीच काय ती शहाणी. मग स्वतःच्या पायावर. मग चपला. मग तिपाईचे तीन पाय, एकेक करून. बादली अर्धी झाली. एवढं चाळीस वीत समजावून सांगितल्यावर! परत विहिरीवर जायचं तर अंधार, आणि अंधारात त्या वाटेवर नारळाखालनं जायला मला आवडत नाही, माझ्या सायकलच्या हँडलला पोक आलंय ते त्याच झाडामुळे. अर्ध्या बादलीत आंघोळ आणि भांडी. भांडी ठेवली.

आता कुणी म्हणेल की मग राहता कशाला. तर असं आहे की अमावास्येच्या आसपास लाइट गेली की कधीकधी लाटा फुटताना निळ्या चमकतात, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे, आणि ओल्या वाळूवर पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या पडतात. तेव्हा मी दाराला कडी न लावता (किल्ली मोडलीच आहे) तासभर बाहेर बसतो. हॉर्न नाही, काही नाही. हे मी त्याला सांगणारच होतो. पण आधी गंज आठवला, आणि नंतर त्याचं एक मिनिट संपलं.

आज सकाळी बोट आली. वारा पडला होता म्हणे. पंपाचा पार्ट आला नाही, पुढच्या फेरीला म्हणाले. दोघं बोटीत बसून वेळेवर गेले, त्याने लांबनं हात केला. बाटली त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

आणि दुपारी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामेबहिणीने एक रील टाकलं, कुठनं तिच्यापर्यंत पोचलं देव जाणे. खाली लिहिलं होतं, "असं जगता आलं पाहिजे." ते उघडायला मला चाळीस मिनिटं लागली. सुरुवातीला बाटली, मग पाण्यात पाठमोरी बायको, मागे भगवा सूर्य, जो कालचा असणं शक्यच नाही. माझी मुलाखत अख्खी गेली. मी एकदाच दिसतो, शेवटी, दोन सेकंद, पाठमोरा, किनाऱ्याने घरी जाताना. बादली त्याने कुठल्यातरी ॲपने पुसून टाकलीये. नुसताच मी आहे, उजवा खांदा खाली, अंग डावीकडे झुकलेलं, मुठीत काही नाही.

त्याच्याखाली मामाचा मेसेज, "सुंदर! तो मागचा म्हातारा असा वाकडा का चालतोय? पक्षाघात वगैरे?"

मी लिहिलं, "मामा, मी आहे तो."

तासभर झाला. अजून एकच टिक आहे.