स्टेंट, गोळ्या आणि तुमच्या काकांचा झटका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

स्टेंट (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) टाकण्याआधी डॉक्टरांना काय विचारावे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तराला आठवडा लावला, कारण तिच्यातला राग मला समजत होता आणि तिच्यातला एक मुद्दा मला खरोखर अडवत होता. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तुमच्या काकांना वावरातच झटका आला, नागपूरला नेऊन स्टेंट टाकला म्हणून ते वाचले, आणि 'स्टेंटने आयुष्य वाढतेच असे नाही' असे डॉक्टरच लिहू लागले तर खेड्यातली माणसे दुखणे अंगावर काढून मरतील, असे तुमचे म्हणणे आहे. पुढे तुम्ही म्हणता की मी दिलेले दाखले गोऱ्या माणसांवरच्या अभ्यासांचे आहेत, कापूस विकल्याशिवाय ज्यांच्या हाती पैसा येत नाही त्यांना आयुष्यभर रोज पाच गोळ्या घ्यायला सांगणे ही शहरी चैन आहे, आणि सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन) म्हणजे आणखी एक खर्च. शेवटी तुम्ही एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तरही शेवटीच देतो.

आधी माझी चूक कबूल करतो. झटका चालू असलेल्या माणसाला त्या लेखातले काहीही लागू नाही, हे वाक्य मी लिहिले होते, पण ते नवव्या परिच्छेदात होते, आणि मोबाइलवर वाचणारा माणूस नवव्या परिच्छेदापर्यंत जातोच असे नाही. ते वाक्य आता मी सर्वांत वर, ठळक अक्षरात घेतले आहे. तुमच्या काकांना त्या वेळी स्टेंट टाकला हे योग्यच झाले आणि त्याने त्यांचा जीव वाचला असेल, यावर तुमचे-माझे दुमत नाही.

मतभेद सुरू होतो तो यापुढे, कारण 'ब्लॉकेज' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या अवस्था कोंबतो. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या अस्तराखाली चरबीचा थर वर्षानुवर्षे साचत जातो आणि वाट अरुंद होते. अशा माणसाला कष्टाच्या वेळी त्रास होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकऱ्याने तो पुस्तकापेक्षा नेमका सांगितला होता : "डॉक्टरसाहेब, बंडीत पोतं टाकाले गेलो की छातीवर कोनीतरी बसल्यासारखं होते, अन् पाच मिनिटं थांबलो की उतरते." महिनोन्महिने तेवढ्याच कष्टाला तेवढाच त्रास होत असेल तर त्याला आम्ही स्थिर अंजायना म्हणतो. झटक्यात घडते ते निराळे : त्या थरावरचे पातळ आवरण फाटते, आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी पाहता पाहता बंद होते. फाटणारा थर पुष्कळदा फारशा अरुंद नसलेल्या जागी असतो, म्हणजे अँजिओग्राफीत जी जागा ८० टक्के बंद दिसली तीच उद्या दगा देईल असे नाही. आम्ही डॉक्टर समजावताना ठिबकच्या नळीचे उदाहरण देतो, आणि माझ्या मते निम्मा घोळ त्या उदाहरणानेच केला आहे. नळी तुंबली, साफ केली, काम संपले, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात आजार सगळ्या वाहिन्यांच्या भिंतीत असतो आणि स्टेंट त्यातल्या इंच-दीड इंचाची सोय लावतो.

माझा लेख फक्त स्थिर अवस्थेबद्दल होता. 'गोऱ्या माणसांवरचे अभ्यास' हा तुमचा आक्षेप २००७ साली प्रसिद्ध झालेल्या करेज या अभ्यासाला बराचसा लागू पडतो, कारण त्यातले २,२८७ रुग्ण अमेरिका आणि कॅनडातले होते. २०२० साली आलेल्या इस्केमिया या अभ्यासाला मात्र तो लागू नाही. त्यात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते आणि भारतातली केंद्रेही होती. तपासणीत हृदयाला रक्त कमी पडते असे स्पष्ट दिसलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना गोळ्यांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, तर निम्म्यांना आधी फक्त गोळ्या, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पहिल्या गटात १४५ माणसे दगावली आणि दुसऱ्या गटात १४४. पुढे सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा लगेच उपचार घेतलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी आणि इतर कारणांचे जास्त आढळले, आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक राहिला नाही.

पण याच अभ्यासातली एक गोष्ट मी लेखात नीट सांगितली नाही, आणि ती तुमच्या बाजूची आहे. ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत दुखत होते, त्यांच्यापैकी स्टेंट वा बायपासच्या गटात वर्षभराने सुमारे निम्मे दुखण्यातून पूर्ण मोकळे झाले. फक्त गोळ्यांच्या गटात हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. २०१७ च्या ऑर्बिटा या ब्रिटिश अभ्यासात निम्म्या रुग्णांना भूल देऊन स्टेंट न टाकताच बाहेर आणले होते, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या चालण्याच्या क्षमतेत जेमतेम १६ सेकंदांचा फरक दिसला, हे मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. पण ते रुग्ण आधीच भरपूर गोळ्यांवर होते. २०२३ साली त्याच संशोधकांनी अंजायनाच्या गोळ्या बंद ठेवून ३०१ रुग्णांवर पुन्हा तसाच प्रयोग केला, तेव्हा खऱ्या स्टेंटने दुखणे स्पष्टपणे कमी झाले. ज्याचे पोट अंगमेहनतीवर आहे आणि ज्याला पोते उचलता येत नाही, त्याच्यासाठी दुखणे कमी होणे ही काही किरकोळ बाब नाही. अशा माणसाने गोळ्या घेऊनही त्रास राहिला तर स्टेंट जरूर घ्यावा. मात्र तो काम करता यावे म्हणून घेतो आहोत, उद्याचा झटका टळेल या खात्रीने नाही, हे त्याला कळलेले असावे. शिवाय डाव्या मुख्य वाहिनीतच अडथळा असलेले आणि हृदयाची ताकद फार घटलेले रुग्ण इस्केमियात घेतलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांना हे आकडे लावू नयेत.

आता मला अडवणाऱ्या मुद्द्याकडे येतो. अभ्यासात गोळ्यांचा गट टिकला, कारण तिथे गोळ्या खरोखर घेतल्या जात होत्या आणि त्यांचा कसून पाठपुरावा होत होता. आमच्या तालुक्यात तसे नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार? पेरणीला पैसा लागला की आधी औषध बंद होते. सरकारी दवाखान्यात गोळ्या कधी मिळतात, कधी 'पुढच्या आठवड्यात या' असे ऐकावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात डवरणी असते. यावरून तुम्ही असा निष्कर्ष काढता की आमच्या माणसाला एकदाच काय ते स्टेंट टाकून मोकळे करावे. इथेच मला थांबवावेसे वाटते, कारण स्टेंट टाकल्यावर गोळ्या सुटत नाहीत, उलट चुकवण्याची सोय उरत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जोडीने चालू असतात, तेव्हा त्या धातूच्या जाळीवर गुठळी धरत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत त्या अचानक बंद केल्या तर स्टेंटच गुठळीने बंद होऊ शकतो, आणि तो झटका बहुधा मोठा, अनेकदा जीवघेणा असतो. स्थिर अंजायनाच्या ज्या माणसाला गोळ्या नियमित घेणे जमणार नाही, त्याला स्टेंट टाकणे मला जास्त धोक्याचे वाटते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा फुगवून वाहिनी उघडून स्टेंट टाकणेही बसते, आणि या दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण पुढच्या दहा वर्षांच्या गोळ्यांसाठी तशी सोय कोणी लावली नाही. तुमचा राग त्या ठिकाणी असेल तर मी तुमच्यासोबत आहे. पाच गोळ्या परवडत नसतील तर निदान ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन, तीही जेनेरिक, आणि रक्तदाब वा साखर असेल तर तिची गोळी, एवढे तरी तुटू नये म्हणून आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठी लहान लिहायला शिकले पाहिजे. मी स्वतः कित्येकदा ताकदीच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचे कॅप्सूल लिहून ती लांबवली आहे, हेही नमूद करतो.

खर्च न लागणारा उपचार आपल्याकडे एकच आहे, तंबाखू सोडणे, आणि त्याचे नाव काढले की लोक हसतात. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. विडी नाही, सिगारेट नाही, फक्त खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा समज मी रोज ऐकतो. त्याच अभ्यासात आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, तर इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी. गोऱ्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे तुमचे म्हणणे अशा रीतीने खरेच आहे.

सीटी अँजिओग्राफीबद्दल थोडक्यात. स्कॉटलंडमधल्या ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासात ती केलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका २.३ टक्के जणांना आला, न केलेल्या गटात ३.९ टक्के जणांना. स्टेंट जास्त पडले म्हणून हा फरक आला नाही. खरा आजार कोणाला आहे हे कळून त्यांना योग्य गोळ्या लागल्या, हे त्याचे सर्वांत पटणारे कारण आहे. तिचा उपयोग निदान शंकास्पद असताना होतो, विशेषतः स्त्रियांमध्ये, जिथे पट्ट्यावर चालण्याची टीएमटी चाचणी बरीच फसते. पोत्याचे वर्णन करणाऱ्या त्या शेतकऱ्याला मी सीटीसाठी पाठवले नाही. ईसीजी आणि इको करून गोळ्या सुरू केल्या. सर्वांनाच सीटी करा असा माझ्या लेखाचा सूर झाला असेल तर तो चुकला.

तुमच्या काकांच्या बाबतीत मला खरी हळहळ वाटली ती वेगळ्याच तपशिलाची. तुम्ही लिहिले आहे की दुपारी दोनला दुखायला लागले, गॅस समजून सोडा दिला, संध्याकाळी गाडी ठरवली आणि मधल्या दवाखान्यात वेळ जाईल म्हणून थेट नागपूर गाठले. आपल्या भागातून ते दीडशे किलोमीटरहून लांब आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात काहीच न दिलेल्या गटात पाच आठवड्यांत १३.२ टक्के रुग्ण हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी दगावले. ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिलेल्या गटात ८ टक्के. ॲस्पिरिनची गोळी आज दोन-चार रुपयांच्या आत मिळते आणि चावून खाल्ली की लवकर लागू पडते. तिची ॲलर्जी किंवा रक्तस्राव असेल तरच ती टाळावी. ईसीजीनंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणी आधी द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. २०१३ च्या स्ट्रीम अभ्यासात लवकर पोहोचलेल्या पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळू शकणाऱ्या १,८९२ रुग्णांत इंजेक्शन देऊन पुढे पाठवण्याचा परिणाम थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचा ठरला. वयस्कांत मेंदूतील रक्तस्रावाचा धोका दिसल्यामुळे पंचाहत्तरीपुढच्यांसाठी मात्रा निम्मी करावी लागली. म्हणून १०८ ला फोन करून आधी ईसीजी आणि इंजेक्शनची सोय असलेले जवळचे उपजिल्हा रुग्णालय गाठणे म्हणजे वेळ घालवणे नाही. आपल्याकडे वेळ वाचतो तो तिथेच. पहिला ईसीजी साधा आला तरी दुखणे चालू असेल तर थोड्या वेळाने तो पुन्हा काढायला आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) तपासायला सांगावे. मधुमेही माणसाला आणि बायांना छातीत न दुखता नुसता घाम, धाप किंवा मळमळही होते.

आता तुमचा प्रश्न : सहा महिने झाले, मेडिकलवाला म्हणतो की रक्त पातळ करायची एक गोळी आता बंद केली तरी चालेल, तर करावी का? झटक्यानंतर टाकलेल्या स्टेंटसाठी दोन्ही गोळ्या साधारणपणे वर्षभर चालवतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात, पण तो निर्णय रुग्णाला तपासून घ्यायचा असतो. काकांना शौचातून काळे रक्त जाते का, आधी अल्सर होता का, वजन आणि हिमोग्लोबिन किती, स्टेंट कोणत्या वाहिनीत आणि किती लांबीचा आहे, हे डिस्चार्ज कार्डावर पाहावे लागेल. ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना आधी फोन करा. ते भेटले नाहीत तर सोमवारी बाजाराच्या दिवशी काकांना कार्डासकट माझ्याकडे घेऊन या, आणि तोपर्यंत दोन्ही गोळ्या चालू ठेवा.