रिजनल कमिशनचा शेरा म्हणजे अपार्टमेंटची मंजुरी नव्हे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फोर्साइथ काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जमीनवापर आराखड्याचा विषय निघाला की इथल्या मराठी ग्रुपांवर एकच दावा पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: ‘रिजनल कमिशनने (अनेक काउंट्यांसाठीची प्रादेशिक नियोजन संस्था) आराखडा पास केलाय, म्हणजे जीए ४०० हायवेच्या कडेची अपार्टमेंट मंजूर झाली. शाळांमधली गर्दी रोखणं काउंटीच्या हातात होतं, तेही केलं नाही. आता हिअरिंगला जाऊन उपयोग नाही, आणि व्हिसावरच्या माणसाचं तर तिथे कोणी ऐकूनही घेत नाही.’

यामागची काळजी खरी आहे. २००० साली काउंटीची लोकसंख्या ९८,४०७ होती. २०२० च्या जनगणनेत ती २,५१,२८३ झाली. वीस वर्षांत अडीचपट! धास्ती कोणालाही वाटेल. पण हा दावा वाचून लोक घरी बसतात, म्हणून तो खोडून काढायलाच हवा.

आधी ‘पास केलाय’ बघू. राज्यात अशी १२ रिजनल कमिशन आहेत आणि १९८९ च्या नियोजन कायद्यावर उभ्या राहिलेल्या पद्धतीनुसार काउंटीचा आराखडा त्यांच्याकडे तपासणीला जातो. तिथे बघतात ते हे: राज्याच्या किमान निकषांतली प्रकरणं आहेत का, पुढच्या पाच वर्षांच्या कामांची यादी आहे का, लोकांसमोर दोन सुनावण्या झाल्या का, प्रादेशिक पाणी आराखड्याचा विचार केला का, शेजारच्या काउंटीला काही खटकतंय का. मग कागद राज्याच्या कम्युनिटी अफेअर्स खात्याकडे जातात. निकष पूर्ण असल्याचा शेरा मिळाला की आराखडा स्वीकारण्याचा ठराव करतात ते काउंटीचे निवडून आलेले पाच कमिशनर. कुठे किती मजले, एकरी किती घरं, हे रिजनल कमिशन ठरवत नाही. झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवण्याचा, अधिकार जॉर्जियाच्या राज्यघटनेने काउंटी आणि शहरांना दिलाय.

तपासणी निव्वळ उपचार आहे असंही नाही. निकषांत बसणारा आराखडा मुदतीत झाला नाही तर काउंटीचा ‘क्वालिफाइड लोकल गव्हर्नमेंट’ हा दर्जा जातो, आणि त्याबरोबर राज्याची बरीच अनुदानं व पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठीची कर्जं हातची जातात. इतक्या वेगाने वाढणाऱ्या काउंटीला हे परवडणारं नाही.

आता अपार्टमेंट. आराखड्याच्या नकाशावर काउंटीचे भाग पाडलेले असतात, सॉनी माउंटनचा परिसर वेगळा, जीए ४०० चा दक्षिण पट्टा वेगळा. पण नकाशात रंग बदलला म्हणून कोणाच्या जमिनीचं झोनिंग आपोआप बदलत नाही. बिल्डरला त्या तुकड्यासाठी रिझोनिंगचा अर्ज करावाच लागतो. सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात १५ ते ४५ दिवस आधी यावी लागते, जागेवर पाटी लावावी लागते आणि निर्णय कमिशनरांच्या मतांनी होतो. मात्र आराखड्याला वजन आहे, हे विसरू नका. बिल्डरचा वकील सुनावणीत त्यातलीच वाक्यं वाचून दाखवतो. विरोध करणाऱ्यांनीही ती वाचून जावं.

शाळांचा मुद्दा सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण आपल्यातले कितीतरी जण इथे शाळांसाठीच आले. पण शाळा कमिशनरांच्या अखत्यारीत नाहीत. त्यांचं बोर्ड वेगळं निवडून येतं आणि त्याचं बजेटही वेगळं असतं. ‘बिल्डरकडून इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामामुळे लागणाऱ्या सार्वजनिक सोयींसाठीचं शुल्क) घ्या आणि शाळा बांधा’ ही सूचना दर वेळी येते. जॉर्जियाच्या १९९० च्या इम्पॅक्ट फी कायद्यात पाणी, सांडपाणी, रस्ते, उद्यानं, अग्निशमन-पोलीस, ग्रंथालयं अशी कामं आहेत. शाळा नाहीत. हा कायदा बदलायचा तर अटलांटातल्या विधिमंडळात बदलावा लागेल. तेव्हा त्याबद्दल आपल्या राज्य प्रतिनिधीला पत्र लिहा. ते कमिंगमधल्या (काउंटीच्या मुख्य ठिकाणच्या) कमिशनरांना सुनावून काही होणार नाही.

राहिला व्हिसा. मतदानाला नागरिकत्व लागतं, सुनावणीत बोलायला लागत नाही. एच-वन-बीवर असलेला, भाड्याच्या घरात राहणारा माणूसही उभा राहून बोलू शकतो. ‘आपण कशाला बोलायचं’ हा संकोच मी आपल्या लोकांत फार पाहिलाय, आणि त्याने आपलंच नुकसान होतं.

जायचं तर तयारीने जा. रिझोनिंगच्या सुनावणीत दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो आणि तो प्रत्येकी १० मिनिटांपेक्षा कमी असता कामा नये, असं राज्याचा कायदा सांगतो. ही १० मिनिटं माणशी नाहीत, अख्ख्या बाजूची आहेत. पंधरा जणांनी उठून ‘ट्रॅफिक वाढेल’ म्हटलं की ती तिथेच संपली. त्यापेक्षा आधी भेटून विषय वाटून घ्या: एकाने वळणाच्या लेनबद्दल बोलायचं, दुसऱ्याने पावसाचं पाणी खालच्या घरांकडे कसं उतरतं ते फोटोंसह दाखवायचं, तिसऱ्याने अर्ज आराखड्यात कुठे बसत नाही ते पान क्रमांकासह सांगायचं. बाकीच्यांनी ईमेल आधीच पाठवून खुर्च्या भरायच्या.