वायसरसाठी अख्खी टाकी रिकामी!

पुन्हा तेच! न्हाणीतला नळ रात्रभर ठिबकला आणि सकाळी खालची बालदी काठोकाठ. काम केवढं? आतला रबरी वायसर बदलायचा, १० मिनिटांचं. पण त्यासाठी गच्चीवरची ५०० लिटरची टाकी रिकामी करायची, कारण घर बांधताना न्हाणीला वेगळा कॉकच ठेवला नाही! सगळ्या घराला मिळून टाकीखाली एक गेट व्हॉल्व्ह, चाक फिरवून पाणी बंद करायचा. खाऱ्या वाऱ्याने तो असा धरलाय की काल जोर लावला तर चाकाचा तुकडाच हातात आला. बोटं लाल भुग्याने माखली.

गुहागरला समुद्र हाकेच्या अंतरावर. इथे उघड्यावर लोखंड टिकत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग नळजोडणी करणाऱ्याला का नसावं?

आणि हे सगळं ऐन मे महिन्यात! विहीर तळाला गेलीय, पंप १५ मिनिटांत हवा ओढतो. आई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा अळवाला घालते, आणि मी भरलेली टाकी सोडून द्यायची? जीव तुटतो हो.

त्यात येणारा-जाणारा सांगतो, 'नळ जरा घट्ट आवळ.' अरे, आवळून आवळूनच तो वायसर चिरडलाय!

त्या गेट व्हॉल्व्हच्या जागी पितळी बॉल व्हॉल्व्ह आणि न्हाणीसाठी वेगळा कॉक, दोन्ही आणून ठेवलेत. प्लंबर 'उद्या येतो' म्हणाला त्याला आज आठवा दिवस.