पाडवा, वेटसूट आणि काकूंचे पाय

मी रत्नागिरीचा. भाट्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर, पाणी बारा महिने कोमट, आणि त्यात मी घोट्याच्या वर कधी गेलो नाही, कारण आजी. अमावस्येला उधाण असतं, पौर्णिमेलाही असतं, आणि मधल्या दिवसांत "आत्ता जेवलायस ना, मग?" असा हा मी आता इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइनमाउथला, नॉर्थ सीमध्ये, मार्च महिन्यात सर्फिंग करतो. आजी असती तर आधी दृष्ट काढली असती आणि मग झोडपला असता.

आईला वाटतं वसंत आला म्हणजे पाणी तापलं असेल. अगं नाही तापत! हवा पटकन तापते पण समुद्र महाआळशी, अख्खी थंडी गार होत बसतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात गार असतो, सहा-सात डिग्री. म्हणजे काठावर डॅफोडिल फुललेत, लोक कोट काढून आइस्क्रीम खातायत, आणि आपण फ्रिजमधल्या बाटलीत उतरायचं.

त्याआधी वेटसूट. पाच मिलिमीटर जाड रबर, वर टोपडं, हातमोजे, बूट, आणि माझा सेकंडहँड असल्यामुळे आधीच्या मालकाच्या पोटाच्या मापाचा, माझ्या नाही. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा ही इथली युक्ती, मी बासमतीची वापरतो. तरी उशीच्या अभ्र्यात गादी कोंबल्यासारखं होतं. आणि कोरडं राहायचं वगैरे काही नाही हं, आत पाण्याचा पातळ थर शिरतो आणि तो आपल्याच अंगाने गरम करायचा असतो. काही जण तो दुसऱ्या मार्गाने गरम करतात. नावं नको.

2025 चा पाडवा 30 मार्चला, रविवारी आला, आणि नेमकी त्याच पहाटे इथली घड्याळं, दर उन्हाळ्याआधी करतात तशी, एक तास पुढे गेली. मित्राकडे एक वाजता पुरणपोळी. म्हटलं सकाळी एक डुबकी मारून जाऊ.

पहिली लाट डोक्यावरून गेली की बर्फाचा गोळा घाईघाईत खाल्ल्यावर कपाळात जी कळ येते ना, तीच, फक्त गोळ्याशिवाय. मग मानेतून एक धार पाठीवर. तेव्हा मी सगळ्या देवांची नावं घेतो, ग्रामदेवतेपासून.

पण काय असतं, ऑगस्टमध्ये इथे पाण्यात एसटी स्टँडसारखी गर्दी आणि लाटांचा पत्ता नाही. मार्चमध्ये मोजून सात डोकी, उत्तरेकडच्या वादळांच्या लाटा अजून येतायत, आणि किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे पश्चिमेचा वारा जमिनीवरून येतो आणि लाटेला इस्त्री करून देतो. अशी एक मला मिळाली. उभा राहिलो, सहा सेकंद असेन, समोर कड्यावरचा पडका मठ उन्हात पिवळा झालेला, मी काहीतरी ओरडलो, बहुतेक मालवणीत, आणि पडलो. मग थर्मासमधला चहा. बोटं वाकत नव्हती म्हणून कप दोन्ही तळव्यांत धरून, माकडासारखा. असा चहा घरी होतच नाही, पावडर तीच.

गाडीत बघितलं तर साडेबारा. निवांत निघालो. गाडीचं घड्याळ पुढे करायचं राहिलं होतं हे मित्राच्या दारात कळलं. पंगत उठायच्या बेतात, माझे केस ओले, मोज्यात वाळू. मित्राची आई सांगलीहून आलेली. संस्कारी मुलासारखा पुढे झालो, वाकलो, आणि दोन तास नाकात दडून बसलेला नॉर्थ सी भळ्ळकन काकूंच्या पायांवर.

सगळे गप्प. मी वाकलेलाच.

"अरे बापरे," काकू पाय मागे न घेता म्हणाल्या, "केवढी सर्दी रे ही! बस बाळा, आल्याचा चहा टाकते."

मी म्हटलं, "हो काकू, दोन दिवस झाले."