काळी दिसली म्हणजे ओळखली असं नाही: घराच्या पायाबद्दलच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच संदेश मला पाच ग्रुपांवरून आला. शेवटी चोपड्याकडच्या मावसभावाने तो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे खरं आहे का? मंगळवारी जेसीबी सांगितलाय." तेव्हा मात्र गप्प बसवेना.

संदेश थोडक्यात असा: माती परीक्षण हा इंजिनिअर लोकांचा पैसे काढायचा धंदा आहे. काळी माती डोळ्यांना दिसते, तिला चाचणी कशाला? पाच फूट खोदा, मुरूम लागतोच. खड्ड्यात डबर आणि वाळू भरा. चाचणी टॉवरला लागते, एकमजली घराला नाही. आपल्या वाडवडिलांनी या काळीतच वाडे बांधले, त्यांना कुठे तडे गेले? दगड मात्र काळाच घ्या, जितका काळा तितका पक्का. परवडत असेल तर ग्रॅनाइट. आणि भीती वाटली तर सळई दुप्पट टाका.

मी वीस वर्षं जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात घरांचे पाये बघतोय. हा संदेश मानून बांधलेली घरंही बघितली आहेत.

आधी वाडवडील, कारण त्यांचं नाव घेतलं की माणूस पुढे विचारतच नाही. आपल्या भाषेत गावाला पांढरी म्हणतात आणि शेतीला काळी. हे दोन शब्द उगाच पडलेले नाहीत. काळी पिकवायची, पांढरीत राहायचं. गावठाण उंचवट्यावर, पाणी ओसरेल अशा जागी. तापीकाठचं प्रकाशे घ्या, गिरणेकाठचं बहाळ घ्या. तिथे ज्या टेकाडांचं उत्खनन झालं ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहणाऱ्या माणसांच्या पांढरीचीच टेकाडं. आणि ते घर तरी कसलं होतं? धाब्याचं. छताचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर; मातीची भिंत नुसती आडोशाला. जमीन हलली तर लाकडी सांगाडा थोडा झुकायचा, भिंतीला चीर पडायची आणि सणाच्या आधी ती शेणामातीने लिंपली जायची. म्हणजे तडे जात होतेच. घरातल्या बायका ते दरवर्षी बुजवत होत्या, म्हणून कुणाला आठवत नाहीत. आज आपण प्लॉट पाडतो ते काळीवर, शेत बिनशेती करून. आणि बांधतो विटा-सिमेंटचं ताठ घर, ज्याला झुकता येत नाही. वाडवडिलांची जागा सोडली, त्यांची रीतही सोडली आणि दाखला मात्र त्यांचा देतो आहोत.

"एकमजली घराला चाचणी नको" हा त्या संदेशातला सगळ्यात घातक मुद्दा. खरं नेमकं उलट आहे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. पापडांची चळत रचावी तसे त्याचे अतिसूक्ष्म थर. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी गेलं की पुन्हा जवळ येतात. मे महिन्यात आपल्या शेतात मनगट जाईल अशा भेगा पडतात आणि आषाढात त्याच मिटतात, ते यामुळेच. फुगताना ही माती वरच्या वस्तूला ढकलते. भारी काळ्या मातीत हा दाब चौरस मीटरला १० टन आणि कधी त्याच्याही पुढे जातो. एकमजली घराच्या भिंतीखाली पायावर पडणारा भार साधारण ४-५ टन. आता कोण कोणाला उचलेल ते सांगा. चार मजल्यांची इमारत स्वतःच्या वजनाने मातीला बरीच दाबून धरते. हलकं घर, कंपाउंडची भिंत, अंगणातली फरशी, कालव्याचं अस्तर, यांनाच काळी आधी उचलते.

त्यातही ती सगळीकडे सारखी उचलत नाही. घराच्या मधोमध खालची माती झाकलेली, ओलसर राहते. कडेची माती जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत वाळते आणि पावसाळ्यात भिजते. एका कोपऱ्याला न्हाणीघराचं पाणी मुरतं, दुसऱ्या कोपऱ्याला कडुनिंब पाणी ओढतो. घराचे चार कोपरे चार वेळांना वर-खाली होतात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरका चढत जाणारा तडा, उन्हाळ्यात रुंद आणि पावसात बारीक होणारा, ही त्याची खूण. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तो तडा सहा वर्षांत चार वेळा भरून घेतला, दर वेळी वेगळ्या गवंड्याकडून.

"पाच फुटांवर मुरूम लागतोच." धुळे, साक्री, पारोळ्याकडे बऱ्याच ठिकाणी लागतो, कधी दोन फुटांवरही. पण यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात विहिरी खोदणाऱ्याला विचारा. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत गाळच गाळ, अनेक ठिकाणी शेकडो फूट. तिथे काळीखाली मुरूम नाही, पिवळी-तपकिरी गाळमाती येते. ती काळीसारखी फुगत नाही, पण कोरडी असताना जितकी कडक वाटते तितकी भिजल्यावर राहत नाही. तापी-पूर्णेकाठच्या घळी कशा कोसळत जातात ते बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. खानदेश एक आहे, जमीन एक नाही.

आता "डोळ्यांना दिसते." रंग दिसतो, वागणूक दिसत नाही. आपल्याकडे मातीचं वर्गीकरण आयएस १४९८ या भारतीय मानकानुसार होतं आणि त्यात रंगावरून गट ठरत नाही. माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून धुतात. निम्म्याहून जास्त खाली गेली तर ती बारीक कणांची. मग दोन प्रश्न: किती पाण्याला ती ओघळू लागते, आणि किती पाण्याला तिची ३ मिलिमीटर जाडीची वळी तुटू लागते? पहिलं लिक्विड लिमिट, दुसरं प्लॅस्टिक लिमिट; दोन्ही कोरड्या मातीच्या वजनाच्या टक्क्यांत. स्वीडनचा शास्त्रज्ञ आटरबर्ग याने या मर्यादा १९११ साली मांडल्या, पुढे कासाग्रांदे या इंजिनिअरने त्यांवरून वर्गीकरण बसवलं. आपल्या मानकात लिक्विड लिमिट ३५ पर्यंत कमी, ३५ ते ५० मध्यम, ५० च्या वर जास्त. दोन्ही मर्यादांमधलं अंतर म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स. लिक्विड लिमिटमधून २० वजा करून ०.७३ ने गुणलं की जो आकडा येतो, त्याच्या वर हा इंडेक्स असेल तर चिकणमाती, खाली असेल तर गाळवट. समजा एका काळ्या मातीचं लिक्विड लिमिट ६२ आणि इंडेक्स ३६ आला. गुणाकाराचा आकडा ३०.७, इंडेक्स त्याच्या वर. म्हणजे ही 'सीएच', जास्त लिक्विड लिमिटची चिकणमाती, फुगीर जातीची. शेजारच्या गावची तितकीच काळी माती लिक्विड लिमिट ३३ वर थांबली तर ती वेगळ्या गटात, आणि तिचा पायाही वेगळा. डोळ्यांना दोन्ही काळ्याच.

डबर आणि वाळू भरण्याबद्दल. वाळू फुगत नाही, हे खरं. पण ती पाणी अडवतही नाही. काळीत खोदलेला वाळूचा खड्डा म्हणजे पायाखाली बांधलेलं टाकं; पहिल्या पावसाचं पाणी त्यात साठतं आणि चारी बाजूंच्या मातीला पोसत राहतं. डबराच्या सांध्यांत ओली काळी खालून चढते आणि थर हळूहळू रुततो. भरायचाच तर चिकट पण न फुगणारा मुरूम, थराथराने पाणी मारून दाबलेला, साधारण मीटरभर. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी या थराचं शास्त्र उभं केलं आणि कालव्यांच्या अस्तराखाली ते वापरलं जातं. काळी खोल असेल तर अंडररीम्ड पाइल: खाली कंदासारखा फुगवटा असलेला खांब, निदान साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूप्रमाणे ओलं-कोरडं होणाऱ्या थराच्या खाली रोवलेला. वरची तुळई मातीला टेकू द्यायची नाही, खाली मोकळी जागा ठेवायची.

दगडाकडे येऊ. "जितका काळा तितका पक्का" म्हणणाऱ्याने एवढा विचार करावा, की आपली काळी माती याच काळ्या दगडाची लेक आहे. बेसाल्ट कुजला की मुरूम, मुरूम कुजला की माती. खदानीत या प्रवासातले सगळे टप्पे एकाखाली एक सापडतात. एक लाव्ह्याचा थर घट्ट, बारीक कणांचा; त्याच्यावरचा भोकाभोकांचा, आणि त्या भोकांत झिओलाइट, कॅल्साइट भरलेलं. याच झिओलाइटच्या स्फटिकांमुळे जळगावचं नाव जगभरच्या खनिजसंग्रहांत पोचलं आहे. संग्रहाला ते शोभतं, पायाला नाही. काही दगडांत भोकांमध्ये चिकणखनिज असतं. असा दगड खदानीतून निघताना काळाभोर असतो आणि चार पावसाळ्यांत त्याचा भुगा होतो.

हातोड्याच्या आवाजाने पारखायची जुनी रीत चूक नाही. आमच्याकडचा एक वडार आबा म्हणायचा, "दगड बोलस, भाऊ." खणखणीत आवाज म्हणजे आत चीर किंवा पोकळी नाही. पण कुजायला लागणारं खनिज आवाजात कळतंच असं नाही. ते पाण्यात कळतं. दगडाचे ताजे बारीक तुकडे स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टाका, तासभर ठेवा, मग जोरात हलवा. पाणी गढूळ झालं तर आत माती आहे. याला स्मिथ टेस्ट म्हणतात आणि ती घरी होते. प्रयोगशाळेत तुकडा २४ तास भिजवून वजन करतात. चांगल्या घट्ट बेसाल्टचं वजन एका टक्क्यानेही वाढत नाही.

ग्रॅनाइटचं काय? बेसाल्ट पाण्याच्या २.८ ते ३ पट जड, ग्रॅनाइट २.६ ते २.७ पट. दोन्ही ताजे असतील तर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटनपेक्षा जास्त भार सोसतात. घराच्या भिंतीत यातलं दशांशही लागत नाही, आणि डबराची भिंत चिरडते ती दगडापाशी नाही, सांध्यातल्या मालापाशी, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणापाशी. माल ५ न्यूटनचा असताना दगड शंभरचा की दीडशेचा, याने भिंतीला फरक पडत नाही. दुरून ग्रॅनाइट आणून जोत्यात घालणं म्हणजे नुसतं भाडं भरणं. तो पैसा सिमेंटच्या मालात आणि घराभोवतीच्या फरसबंदीत घाला.

सळईचं उत्तर छोटं आहे. घर सगळीकडून सारखं उचललं गेलं असतं तर सळईची गरजच नव्हती. ते वाकडं उचललं जातं. दुप्पट सळईने तडा बारीक होईल, माती फुगायची थांबणार नाही.

मावसभावाला मी जेसीबी आठवडाभर पुढे ढकलायला लावला. तीन ठिकाणी खड्डे घेऊन नमुने आणले. त्यातली माती वाळवून, चाळून १०-१० ग्रॅम दोन नळ्यांत टाकली, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलाच्या नळीत ११ मिलिलिटर, पाण्याच्या नळीत २३. फुगवटा १०९ टक्के. मानकात शंभराच्या वर गेला की 'जास्त'. दोन्ही नळ्या त्याच्यासमोर टेबलावर ठेवल्या. त्याने त्यांचा फोटो काढला आणि तो संदेश जिथून आला होता त्या ग्रुपवर टाकला. पाइलचं काम पुढच्या सोमवारी सुरू होतंय.