टीपीएम चिप काढायची म्हणे!

लातूरच्या शिकवण्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: 'नव्या लॅपटॉपमधली टीपीएम चिप तुमच्या फायली वाचते, कॉपी केलेले सिनेमे अन् लेक्चर पुसते, लिनक्स चालू देत नाही. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन लगेच बंद करा.' परवा औशाचे एक काका लेकीचा लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आले. "तेवढी चिप काढून द्या," म्हणाले.

टीपीएम म्हणजे लॅपटॉपमधला गुप्त किल्ल्या सांभाळणारा छोटा सुरक्षा भाग. तो काढायचा कुठून? आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत ही चिप वेगळी नसतेच, प्रोसेसरमध्येच तिचं काम चालतं.

'फायली वाचते.' नाही वाचत. टीपीएम आपणहून काहीच करत नाही, विचारलं तर उत्तर देते. डिस्क चाळणं, इंटरनेटवर जाणं तिच्या हातात नाही. किल्ल्या सांभाळायच्या आणि मशीन सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चढलं त्याचे ठसे नोंदवायचे, एवढंच तिचं काम. साठवणही काही किलोबाइटची.

'सिनेमे पुसते.' पुसायला चिप लागतच नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लेखक जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून) परस्पर काढून घेतली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्या विंडोजमध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर घुसवत होत्या. दोन्हीकडे टीपीएमचा संबंध नव्हता. लेक्चरचा स्क्रीनशॉट काळा येतो तोही अ‍ॅपने मनाई केलेली असते म्हणून. पोरं मात्र चिपला शिव्या देतात.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीचं, तर सोडाच. दुकानातल्या माझ्याच लॅपटॉपवर टीपीएम चालू आहे आणि उबुंटू हा लिनक्सचा प्रकारही.

आता 'बंद करा'. अख्ख्या फॉरवर्डमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क अनेकदा आपसूक कुलूपबंद झालेली असते आणि त्या कुलपाची किल्ली टीपीएमकडे असते. चिप बंद केली की स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि खातं कुणाच्या ईमेलवर उघडलं होतं ते घरात कुणालाच आठवत नाही. मग वर्षभराच्या नोट्स गेल्या म्हणून समजा.

भीती मात्र हवेतून आलेली नाही. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'पॅलेडियम' ही अशाच चिपवर उभी राहणारी विंडोजची सुरक्षा योजना जाहीर केली, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ट्रस्टेड कम्प्युटिंग' म्हणवल्या जाणाऱ्या या प्रकाराला विश्वासू नव्हे, दगाबाज संगणन म्हटलं होतं. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो: यंत्र नेमकं कुणाचं ऐकणार? टीपीएमने नोंदवलेले ठसे सही करून लांबच्या सर्व्हरला दाखवता येतात. उद्या एखादी सेवा म्हणू शकते, आमच्या पसंतीचं सॉफ्टवेअर नसेल तर दार बंद. फोनवर हे आजच घडतंय. रूट केलेल्या, म्हणजे मालकाने कंपनीचे निर्बंध काढून टाकलेल्या, फोनवर बँकेची बरीच अ‍ॅपं उघडत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापायी धडधाकट मशीन भंगारात काढायला लोक माझ्याकडे येतात. राग यायचा तर याचा यावा. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

काकांच्या लॅपटॉपमधलं काहीच काढलं नाही. लेकीला फोन लावून खातं उघडलं, ते ४८ अंक तिच्या बायॉलॉजीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले आणि दोनदा ताडून पाहिले.