इनडोअर अँटेनाबाबत खुलासा

‘सोसायटीने गच्चीवर अँटेना नाकारला की हॅम रेडिओ (हौसेखातर केले जाणारे रेडिओ संभाषण) संपला’ असा संदेश नाशिकच्या गंगापूर रोड भागातील काही ग्रुपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. १४ मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या अर्धतरंग डायपोलची (लहरीच्या निम्म्या लांबीच्या तारेच्या अँटेनाची) सुमारे १० मीटर तार छताच्या कडेने वळवून घरातच बसवता येते, आणि तेही न जमल्यास तांब्याच्या नळीचे सुमारे १ मीटर व्यासाचे मॅग्नेटिक लूप (कड्याच्या आकाराचा छोटा अँटेना) खिडकीशी उभे करता येते, मात्र वारंवारता जराशी सरकली की त्याचा कपॅसिटर (लूप वारंवारतेशी जुळवणारा भाग) पुन्हा जुळवावा लागतो (कंटाळवाणे काम!). स्लॅबमधील सळया आणि लोखंडी ग्रिल सिग्नल खातात, हे खरे. म्हणून आमची पसंती बाल्कनीला. प्रक्षेपणावेळी त्या कपॅसिटरवर धोकादायक व्होल्टेज येते, त्यामुळे शक्ती कमी आणि मुले लांब ठेवावीत. अँटेना घरात असला तरी प्रक्षेपणासाठी परवाना लागतोच.